ऑगीच्या हद्दीत गेलेलं हरीण

डोरीन कोस्टेल्निक मचाणावर बसली होती आणि तिच्या कोटाच्या खिशात फोन थरथरत होता. बघायचा नाही, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा तिनं दातांनी हातमोजा ओढून काढला आणि बघितलं.

'डावीकडे बघ,' रूडीनं लिहिलं होतं. त्याच्याखाली, 'डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे.' त्याच्याखाली, 'गेलं.'

रूडी म्हणजे तिचा नवरा. तो या घटकेला स्वयंपाकघराच्या खिडकीशी आरामखुर्चीत बसलेला होता. मांडीवर पांघरूण, गळ्यात दुर्बीण, हाताशी कॉफीचा थर्मास. मचाणावरून तिला ती खिडकी स्पष्ट दिसायची, आणि हेच तर सगळं दुखणं होतं. उत्तरेच्या डोंगरातल्या कॅम्पवर असताना शिकारीला निघालं की घर मागे राहायचं. इथं परसदारच्या ओकवर शिडी लावून वर चढलं तरी घर काही पाठ सोडत नव्हतं.

गेल्या तीन शनिवारांत काय काय झालं ते आठवलं की तिचं डोकं उठायचं. पहिल्या शनिवारी पलीकडची ब्रिजेट कुत्रा फिरवत झाडाखाली आली आणि मान वर करून विचारू लागली, "डोरीन, वर तूच आहेस ना? शाळेच्या मदतीसाठी चॉकलेटं विकतेय, घेशील का?" दुसऱ्या शनिवारी कोपऱ्यावरच्या माणसाला उजाडता उजाडता पानं उडवायचं यंत्र चालू करायची बुद्धी झाली. आणि तिसऱ्या शनिवारी तर कमालच झाली. आठ टोकांच्या शिंगांचा देखणा नर अगदी तिच्या टप्प्यात येत होता, तेवढ्यात खिडकी धाडकन उघडून रूडी ओरडला, "डोरीन! उजवीकडे!"

हरणानं आधी रूडीकडे बघितलं, मग डोरीनकडे बघितलं, आणि दोघांचीही काही किंमत नसल्यासारखं सावकाश चालत निघून गेलं.

"मी तुला मदत करत होतो," रूडी नंतर म्हणाला होता.

"तू हरणाला मदत करत होतास."

तिला शिकार शिकवली रूडीनंच. मुलं मोठी झाल्यावर, पन्नाशीच्या तोंडावर, तिनं पहिल्यांदा धनुष्य हातात घेतलं आणि मग दरवर्षी नोव्हेंबरात दोघं आठवडाभर कॅम्पवर जायची. या वर्षी ऑगस्टमध्ये रूडी गॅरेजमधल्या स्टुलावरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. डॉक्टरांनी नवा बसवला, झकास बसवला, आणि सांगितलं, चाला. व्यायाम घ्यायला येणारी बाईही सांगून थकली, चाला. रूडी मात्र खाट ते बाथरूम आणि बाथरूम ते खिडकी एवढंच चालायचा. वॉकर घेऊन अंगणातसुद्धा उतरायचा नाही. "लोक बघतात," म्हणायचा. पेनसिल्व्हेनियातल्या त्या गल्लीत लोक म्हणजे कोण, तर ब्रिजेट आणि तिचा कुत्रा.

त्याला एकट्याला सोडून कॅम्पवर जाणं शक्यच नव्हतं. मांसाच्या फ्रीझरचा तळ दिसायला लागला होता. घरामागे त्यांची थोडी झाडी होती, ओढ्यापर्यंत उतरत गेलेली. बंदूक तिथं चालत नाही, घरं जवळ आहेत. धनुष्याला परवानगी आहे. आणि हरणं तर इतकी माजलेली, की लोकांनी हॅलोवीनला पायऱ्यांवर मांडलेले भोपळे दिवसाढवळ्या खाऊन जायची. म्हणून डोरीन घराजवळच बसायचं ठरवून मोकळी झाली. तेव्हा तिला हे सोपं वाटलं होतं.

तिनं फोन बंद केला आणि कोटाच्या अगदी आतल्या खिशात कोंबला.

दोन मिनिटांत घराच्या मागच्या ओसरीवरचा दिवा लागला. विझला. लागला. विझला.

"देवा," डोरीन दातओठ खात पुटपुटली, "या माणसाला झोप दे."

पण दिवा लागायला कारण होतं. ओढ्याकडच्या उतारावरून एक मादी धावत वर आली, शेपटी आडवी धरून, मागे वळून वळून बघत. डोरीन उभी राहिली. मादीच्या मागे कोण येणार हे माजाच्या या दिवसांत सांगावं लागत नाही. काटक्या मोडल्याचा आवाज आला आणि तोच नर नाक जमिनीला लावून, गळ्यातून डुकरासारखा आवाज काढत झुडपांतून बाहेर पडला. त्याला ना डोरीन दिसत होती ना दिवा. तिनं मनगटाला बांधलेला चाप दोरीत अडकवला, धनुष्य ताणलं आणि तोंडानं बकरीसारखं हलकेच 'मॅऽ' केलं. नर थबकला. बाण सुटला.

धप्प असा आवाज झाला. हरीण पाठ वाकवून उसळलं, उतारावरून खाली सुटलं, ओढ्यात पाणी उडालं, आणि पलीकडच्या काठावर त्याची पांढरी शेपटी झाडांत नाहीशी झाली.

डोरीननं झाडाला मिठी मारली आणि डोळे मिटून श्वास मोजले. मग डोळे उघडल्यावर तिच्या लक्षात आलं, की ओढ्याच्या पलीकडे ऑगी स्कारूपाची हद्द सुरू होते.

तिनं तिथल्या तिथं कपाळावर हात मारून घेतला.

खाली उतरून तिनं बाण शोधला. हरणातून आरपार जाऊन ओल्या पानांत रुतला होता. त्याच्यावरचं रक्त काळपट लाल होतं, फेस नव्हता. बाण घेऊन ती स्वयंपाकघरात आली तेव्हा रूडी खुर्चीत पुढे सरकून बसला होता आणि त्याचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते.

"बाण जरा मागे मारलास," तो म्हणाला.

"अभिनंदन वगैरे काही?"

"अभिनंदन. पण मागे मारलास. बघू बाण." त्यानं बाण खिडकीच्या उजेडात धरला. "यकृतात लागलाय, लगेच पडणार नाही. चार तास हलायचं नाही. आत्ता मागे लागलीस तर उठेल आणि नदीपर्यंत जाईल."

"मला माहीत आहे, रूडी."

"तुला माहीत असतं तर तू त्याला आणखी एक पाऊल पुढे येऊ दिलं असतंस. मी दिवा लावला तो कशासाठी?"

"तू दिवा लावलास तो मला वेड लावण्यासाठी." डोरीननं बूट काढून दाराशी आपटले. "ते ऑगीच्या हद्दीत गेलंय."

रूडीनं बाण टेबलावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा उजेड गेला. "मग गेलं हरीण," तो म्हणाला. "विसर त्याला."

"विसर काय? मी ऑगीला विचारून येते."

"त्याच्याकडे आपण काही मागायचं नाही."

रूडी आणि ऑगी काचेच्या कारखान्यात एकाच पाळीला होते, एका डब्यात जेवायचे. कॅम्पवरच्या शिकारी मंडळींच्या सामायिक झोपडीतही दोघांची भागीदारी. सात वर्षांपूर्वी कॅम्पवर रात्रीच्या जेवणाला सगळी मंडळी बसलेली असताना ऑगीच्या हातातून सूपचा डाव निसटला. त्याचे हात तेव्हा नुकतेच थरथरायला लागले होते. रूडी सगळ्यांदेखत म्हणाला, "ऑगी, आता झाडावर चढू नकोस बाबा. तुझं झालं." आणि हसला. बाकीचेही हसले. दुसऱ्या दिवशी उजाडताच ऑगी सामान भरून निघून गेला, आपली भागीदारीही विकली, आणि तेव्हापासून ओढ्याच्या दोन काठांवर राहून दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. ऑगीनं आपल्या बाजूच्या झाडांवर 'प्रवेश बंद'च्या पाट्या ठोकल्या होत्या. सगळ्यात मोठी पाटी अशा झाडावर होती, की ती रूडीच्या खिडकीतून दिसावी.

डोरीननं कोरडे मोजे घातले, केस हातानं सारखे केले आणि रस्त्यानं वळसा घालून ऑगीच्या दाराशी गेली. त्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं तर त्याला विचारून, असा कायदाच होता. आणि कायदा नसता तरी तिनं विचारलंच असतं.

दार लगेच उघडलं. ऑगी वाटच बघत असावा. उंच माणूस, आता जरा वाकलेला, अंगात लोकरी शर्ट, उजवा हात पँटच्या खिशात.

"ऑगी, मी डोरीन."

"दिसतंय. डोळे अधू झालेत, फुटले नाहीत."

"माझं हरीण—"

"बघितलं. माझ्या लाकडांच्या ढिगापाशी अडखळलं, मग खाली काटेरी जाळीत शिरलं. जरा मागे लागलाय ना बाण?"

डोरीननं एक ते पाचपर्यंत अंक म्हटले. "हो. जरा मागे लागलाय. दुपारी येऊन शोधू का?"

"शोध की. हरीण सडवायला मी कोण?" ऑगी दाराच्या चौकटीला टेकला. "पण रूडीनं येऊन विचारायचं."

"काय?"

"रूडीनं. इथं. या दारात."

"अरे, त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय!"

"ऑगस्टमध्ये. माहीत आहे. कोंबडीचं सूप कुणी पाठवलं होतं?"

डोरीन बघतच राहिली. इस्पितळातून आल्यावर ब्रिजेटनं एक मोठं भांडंभर सूप आणून दिलं होतं; घरचे नूडल्स, भरपूर बडीशेपेचा पाला. रूडी तीन दिवस तेच खात होता आणि म्हणत होता, ब्रिजेटला कधी असा स्वयंपाक यायला लागला?

"ते तू केलं होतंस?"

"ब्रिजेटला म्हटलं, नाव सांगू नकोस. नाव कळलं असतं तर ओतून दिलं असतं त्यानं, गाढवानं." ऑगीनं घसा खाकरला. "चालतो ना तो? का चालतच नाही?"

"चालता येतं त्याला. चालत नाही."

"मग चालू दे."

आणि त्यानं दार लावलं. आपटलं नाही, अगदी सभ्यपणे लावलं, त्यामुळे डोरीनला जास्तच राग आला.

परत येताना ती रस्त्यानं स्वतःशी मोठमोठ्यानं बोलत होती. दोन म्हातारे, दोघांचं मिळून वय दीडशेच्या घरात, आणि मध्ये लटकलंय कोण, तर हरीण आणि ती. हरीण तरी सुटलं.

घरी रूडी खिडकीतच होता. तिनं सगळं सांगितलं. सूपाचं मात्र सांगितलं नाही. ते तिनं हातचं राखून ठेवलं.

"नाही," रूडी म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. त्याला बघायचंय मला हे घेऊन येताना." त्यानं भिंतीला टेकवलेल्या वॉकरकडे हनुवटीनं दाखवलं. "दारात उभा राहील, हसेल, आणि म्हणेल, रूडी, तुझं झालं."

"म्हणू दे की! तू नव्हतास म्हणाला?"

"मी त्याच्या भल्यासाठी म्हणालो. पडला असता झाडावरून."

"आणि तू स्टुलावरून पडलास!"

रूडीनं तोंड खिडकीकडे वळवलं. "ऊन वाढतंय," तो म्हणाला. "मांस टिकणार नाही. कोल्हेकुत्रे आधी पोचतील."

मग डोरीनचा बांध फुटला. ती सहसा ओरडत नसे. वीस वर्षं दंतवैद्याच्या दवाखान्यात लोकांचे फोन घेऊन तिचा आवाजच मऊ झाला होता. पण आता तिनं टेबलावरचं भांड्यांचं फडकं उचललं आणि ते हवेत हलवत बोलायलाच लागली.

"ऑगस्टपासून मी ऐकतेय, रूडी. अंडी अशी उकड, गाडी तशी लाव, डावीकडे बघ, उजवीकडे बघ. माझी डावी बाजू कुठली हेसुद्धा तू ठरवणार! झाडावर बसले तरी तुझा फोन, फोन बंद केला तर दिवा. या घरात एकच माणूस चालत नाही आणि तोच सगळ्यांना चालवतो. हरीण मी मारलं. मागे मारलं, पुढे मारलं, मी मारलं. ते तिथं पडलंय, आणि ते वाया गेलं तर मला वर्षभर झोप लागणार नाही, हे तुला माहीत आहे, कारण असं वाटायला पाहिजे हे मला तूच शिकवलंस. आणि तू इथं बसून मला सांगतोस, ऊन वाढतंय!"

रूडी दुर्बिणीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"आणि ते सूप," डोरीन म्हणाली, "ऑगीनं केलं होतं."

"कुठलं सूप?"

"कुठलं म्हणजे? तू भांडं पावानं पुसून खाल्लंस ते."

डोरीननं फडकं सिंकमध्ये टाकलं, खुर्ची ओढली आणि पाठ करून बसली. तिला आता खरंच काही करायचं नव्हतं. ऑगीनं काय ते करावं, रूडीनं काय ते करावं, हरणानं काय ते करावं. ती पेंगायलाही लागली होती, तेवढ्यात मागे खुर्ची करकरली आणि वॉकरचे रबरी पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

"माझी पँट कुठंय?" रूडी म्हणाला. "बटणांची. ही नाडीची घालून मी त्याच्या दारात जाणार नाही."

पँट घालायलाच भरपूर वेळ गेला, कारण रूडीला मदत नको होती आणि मदतीशिवाय जमत नव्हतं. मग नारिंगी टोपी हवी, ती सापडेना. सापडली तर ती नको, जुनी हवी. घराबाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत चार तास भरलेच. डोरीन त्याच्या बाजूनं चालत होती, हात मागे बांधून, कारण हात पुढे केला की तो गुरगुरायचा. रस्ता जरा चढाचा. दर थोड्या वेळानं तो थांबून एखाद्या घराच्या छपराकडे असं बघायचा, जणू छपराची पाहणी करायलाच निघालाय.

अर्ध्या वाटेत ब्रिजेट कुत्रा घेऊन समोरून आली.

"रूडी! तुम्ही बाहेर! चालताय!" तिनं टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या वाजवू नकोस, बाई," रूडी म्हणाला. "मी काय नाच करतोय?"

"ब्रिजेट, नंतर," डोरीन म्हणाली, आणि ब्रिजेटला तिच्या चेहऱ्यावरून काय समजायचं ते समजलं.

ऑगी पायरीवर येऊन उभा होता. त्यानं रूडीला सगळा रस्ता येऊ दिलं. एक पाऊल पुढे आला नाही. रूडी पायरीच्या खाली येऊन थांबला, धापा टाकत. त्याच्या कपाळावर घाम होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"काय ते," ऑगी म्हणाला, "वॉकर?"

"नाही. सायकल आहे."

"चाकं लहान वाटली म्हणून विचारलं."

डोरीनला वाटलं, आता आपण दोघांनाही ढकलून देऊ आणि सरळ जाळीत शिरू.

"ऑगी," रूडी शेवटी म्हणाला, "बायकोचं हरीण तुझ्या हद्दीत आलंय. शोधू देशील का?"

"देईन."

"ठीक आहे."

"तेवढंच म्हणायला आलास?"

रूडीनं वॉकरच्या दांड्यांकडे बघितलं. मूठ आवळली, सोडली. "ते मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं," तो म्हणाला. "बाजूला घेऊन सांगायला हवं होतं."

"बाजूला घेऊन सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं." ऑगीनं खिशातला हात बाहेर काढला. तो चांगलाच थरथरत होता. ऑगीनं तो लपवला नाही. "खरं होतं ते. म्हणून तर एवढी आग झाली. खोटं असतं तर मी तिथंच तुला एक ठेवून दिली असती."

"आता दे की."

"आता नको. पडशील."

यावर दोघं हसले का, हे डोरीनला नक्की कळलं नाही. खोकल्यासारखा काहीतरी आवाज झाला. पण ऑगी पायरीवरून उतरला आणि लाकडांच्या ढिगाकडे चालायला लागला, आणि रूडी त्याच्या मागे.

आता सगळं सुरळीत होईल असं डोरीनला वाटलं असेल, तर ती तिची चूक. ढिगापाशी रक्त सापडलं, तळहाताएवढं. तिथून पुढे थेंब विरळ होत गेले. ती गुडघ्यांवर बसून एकेक पान उलटत पुढे सरकायला लागली, आणि मागून दोन आवाज सुरू झाले.

"डावीकडे गेलंय," ऑगी म्हणाला.

"जखमी जनावर खाली जातं. पाण्याकडे. सरळ जा, डोरीन," रूडी म्हणाला.

"मी डोळ्यांनी बघितलंय, जाळीत शिरलं ते."

"तुझे डोळे!"

"डोरीन, त्याचं ऐकू नकोस."

"डोरीन, दोन्ही बाजूंना बघ."

"गप्प!" डोरीन ओरडली.

तिला पुढचा थेंब सापडत नव्हता. रक्त एका पडलेल्या फांदीपाशी संपलं होतं. तिनं रूडीला बोलावलं. "इथं उभा राहा. हा शेवटचा थेंब. इथून हलायचं नाही, म्हणजे मला परत जागा सापडेल."

एरवी हे काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर त्यानं तोंड वाकडं केलं असतं. शेवटच्या रक्तापाशी खांबासारखं उभं राहायचं म्हणजे सगळ्यात कंटाळवाणं काम. पण रूडीनं वॉकर पानांत रोवला आणि त्या थेंबाकडे असं बघत उभा राहिला, जणू तो थेंब पळूनच जाणार होता. तिला पहिल्यांदाच जाणवलं, की हा माणूस अडीच महिन्यांत झाडांच्या वासात उभा राहिलेला नाही. त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. ती बोलली मात्र नाही. आत्ता बोललं तर तो लगेच काहीतरी सल्ला देईल, एवढं तिला ठाऊक होतं.

तिनं मग दोघांचंही ऐकलं नाही. हरणाला उतार हवा आणि आडोसा हवा, हे दोन्ही जिथं मिळेल तिकडे ती गेली. जाळीच्या कडेनं, ओढ्याच्या वळणाकडे. तिथं ऑगीची जुनी पालथी घातलेली होडी होती, शेवाळलेली. होडीच्या पलीकडे, सुकलेल्या गवतात, हरीण पडलेलं होतं. मान लांब टाकून, जणू झोपलंय. त्याला जाऊन बराच वेळ झाला होता. इथवर आलं आणि बसलं, उठलंच नाही.

डोरीननं त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. केसांखाली अंग अजून कोमट होतं. कधी तिला या वेळी रडू यायचं, कधी यायचं नाही. आज ती नुसती बसून राहिली. एक पाऊल पुढे येऊ दिलं असतं तर ते इतकं लांब आलं नसतं. हे तिला रूडीनं सांगायची गरज नव्हती, आणि म्हणूनच त्यानं सांगितल्यावर ती चिडली होती. तिनं शिंगांमध्ये अडकलेलं एक पान काढलं.

"सापडलं?" वरून दोन आवाज एकदम आले.

"सापडलं."

"मी म्हटलं नव्हतं?" पुन्हा दोन्ही आवाज एकदम.

पोट साफ करायचं काम तिनंच केलं. ऑगीनं मागचा पाय धरला. त्याचा हात थरथरायचा तसा हरणाचाही पाय थरथरायचा, पण त्यानं सोडला नाही. रूडी वरून सूचना देत होता. सुरी उलटी धर, घाई करू नकोस, काळीज वेगळं ठेव. थोड्या वेळानं डोरीनला ते ऐकू येईनासं झालं, जसं पाण्याजवळ राहणाऱ्याला पाणी ऐकू येत नाही.

मग हरीण वर आणायचं कसं, हा प्रश्न आला. ऑगीकडे गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर होता, मागे गाडा जोडलेला. त्यानं तो आणला. हरीण गाड्यात चढवताना डोरीनची कंबर धरली. आणि वळून बघते तर रूडी अजून त्या फांदीपाशीच उभा, ओठ पांढरे पडलेले.

"रूडी? चल की."

"येतो."

पण तो हलेना. त्याचे पाय संपले होते. एवढं चालून, एवढा वेळ उभं राहून, आता त्याच्याच्यानं एक पाऊल टाकवत नव्हतं, आणि ते तो मेला तरी सांगणार नव्हता. ऑगीनं ट्रॅक्टर बंद केला, त्याच्याकडे बघितलं, आणि सरळ म्हणाला, "गाड्यात बस."

"हरणाबरोबर?"

"हरणाची काही हरकत दिसत नाही."

"ऑगी, मी असा गल्लीतून जाणार नाही."

"मग इथं झाड होऊन राहा. पाटी ठोकतो तुझ्यावर."

रूडी गाड्यात बसला. म्हणजे ऑगीनं एका बाजूनं आणि डोरीननं दुसऱ्या बाजूनं त्याला बसवला, आणि तो सगळा वेळ शिव्या देत होता. एका बाजूला हरणाची शिंगं, एका बाजूला वॉकर, मध्ये नारिंगी टोपी घातलेला रूडी, एक पाय नीट लांब केलेला. ट्रॅक्टर फटफट करत रस्त्याला लागला. ऑगी ताठ बसून चालवत होता, मिरवणूक निघाल्यासारखा. ब्रिजेट आपल्या दारात उभी होती. तिनं फोन वर धरला.

"फोटो काढलास तर बघ!" रूडी ओरडला.

"काढला!" ब्रिजेट म्हणाली.

गॅरेजात हरीण टांगेपर्यंत नवी भांडणं सुरू झाली होती. डोकं वर टांगायचं की खाली. कातडं आजच काढायचं की उद्या. ऑगी म्हणे, कातड्यासकट दोन दिवस राहू दे, मांस मऊ होतं. रूडी म्हणे, या उन्हात? तुला दुर्गंधी आवडते का? रूडीला खुर्ची आणून दिली होती आणि त्या खुर्चीतून त्याचा हात सारखा वर जात होता. ऑगी त्याच्याकडे पाठ करून नेमकं उलटं करत होता. डोरीननं कातडं लगेच काढलं, डोकं खाली ठेवून. दोघंही नाराज झाले.

संध्याकाळी तिनं काळीज कांद्यावर परतलं आणि कालची कोबी-नूडल्सची हलुष्की गरम केली. ऑगी 'नको, नको' म्हणत जेवायला बसला. त्याच्या काट्यावरून नूडल्स घसरत होते. रूडीनं न बोलता उठायची खटपट केली, मग बसल्या बसल्याच मागचा खण उघडून मोठा चमचा काढला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला. ऑगीनं चमचा उचलला. डोरीन तेवढ्यात उठून भांडी विसळायला लागली, खरं तर विसळण्यासारखं काही नव्हतं.

रूडीचा खुबा पुढचे दोन दिवस ठणकत होता आणि त्याचा दोष त्यानं डोरीनला दिला. तिसऱ्या दिवशी ऑगी बोलावल्याशिवाय मांस कापायला आला. सोबत स्वतःची सुरी होती, जी त्याला धरता येत नव्हती. मानेचं मांस खिम्याला की रश्श्याला, यावर सकाळ गेली. डोरीन पिशव्या भरत होती, कंबर मोडली होती, आणि दोघं आलटून पालटून तिला सांगत होते की तुकडे मोठे होतायत, तुकडे लहान होतायत. ऑगीच्या वाट्याचं मागच्या फऱ्याचं मांस तिनं वेगळं बांधलं. कचरा टाकायच्या निमित्तानं ती बाहेर आली तर कुंपणाशी ब्रिजेट उभी.

"आतून केवढा आवाज येतोय," ब्रिजेट म्हणाली. "म्हणजे दोघांचं पुन्हा जमलं तर!"

"जमलं म्हणजे काय," डोरीन कुंपणाला टेकली आणि तिनं एक लांब सुस्कारा सोडला. "आधी मला एकच शिकवत होता."

आतून रूडीची हाक आली. तिच्यामागून ऑगीची. डोरीननं उत्तर दिलं नाही. उन्हात उभं राहून तिनं ब्रिजेटला विचारलं, त्या शाळेच्या चॉकलेटांतलं काही उरलंय का, आणि असलं तर आत्ता, इथंच, मिळेल का.